पावसाळ्याआधी घेतलेली मापे : फॉल्ट कोड निदानाच्या प्रकल्प नोंदी

3 मार्च 2025, गोकुळ शिरगाव

एका रस्ते ठेकेदाराच्या ताफ्यातील यंत्रांची इलेक्ट्रॉनिक तपासणी आजपासून हाती घेतली. ताफ्यात दोन वीस टनी पोकलेन, तीन बॅकहो लोडर, एक व्हील लोडर आणि एक व्हायब्रेटरी रोलर आहे. पोकलेन आणि रोलर शाहूवाडी तालुक्यात मलकापूरच्या पुढे रस्त्याच्या कामावर आहेत, व्हील लोडर एका साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) यार्डात भाड्याने दिलेला आहे, आणि बॅकहो कोल्हापूर जिल्ह्यात जिथे काम लागेल तिथे फिरत असतात.

मालकांची तक्रार अशी की पावसाळा सुरू झाला की कोणते ना कोणते यंत्र स्क्रीनवर बिघाडाचा कोड दाखवून ताकद सोडते, मेकॅनिक येतो, कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव दिसते तो सेन्सर बदलतो, यंत्र थोडे दिवस नीट चालते आणि पुन्हा तोच कोड येतो. गेल्या पावसाळ्यातील बिले त्यांनी फाइलला लावून ठेवली आहेत, आणि काढलेले सेन्सर फेकून न देता एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले आहेत. या दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले, कारण बदललेला भाग खरोखर खराब होता की नाही हे नंतर तपासता येणे या धंद्यात फार क्वचित घडते.

प्रकल्पाची पद्धत ठरवली. यंत्र बिघडल्यावर स्कॅनर लावण्याऐवजी प्रत्येक यंत्र ठणठणीत असतानाच त्याची विद्युत मापे घेऊन यंत्रनिहाय नोंदवायची. सेन्सरना मिळणारा 5 व्होल्टचा पुरवठा, बॅटरीचे व्होल्टेज स्टार्टर फिरत असताना किती उतरते, कॅन वायरींमधला (यंत्रातल्या कंट्रोलरना, म्हणजे छोट्या संगणकांना, आपसांत जोडणाऱ्या दोन वायरींमधला) रोध, इंजिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतच्या अर्थमधली व्होल्टेजची घट आणि गरम इंजिनाच्या आळशी वेगावर (आयडलिंगला) स्क्रीनवर दिसणारे सर्व आकडे, एवढे पुरेसे आहे. ज्या दिवशी कोड येईल त्या दिवशी मोजलेला आकडा चांगला की वाईट, हे छापील पुस्तकातल्या ढोबळ मर्यादेपेक्षा त्याच यंत्राच्या जुन्या आकड्यावरून अधिक खात्रीने सांगता येते.

11 मार्च 2025, गोकुळ शिरगाव

डब्यातील सेन्सर बाकावर तपासले. बहुतेक दाबमापक सेन्सर तीन वायरींचे आहेत : एकीवर 5 व्होल्ट, दुसरी परतीची, तिसरी संकेताची. दाब शून्य असताना संकेताच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबाला साधारण साडेचार व्होल्ट मिळावेत, अशी त्यांची रचना असते. ऑइल प्रेशरच्या एका सेन्सरला स्थिर पुरवठ्यावरून 5 व्होल्ट दिले, कॉम्प्रेसरची नळी जोडून हवेचा दाब हळूहळू 6 बारपर्यंत वाढवला, आणि मीटरवरचा आकडा कुठेही न अडखळता अर्ध्या व्होल्टपासून चढत गेला. नळी सोडताच तो परत जागेवर आला. सेन्सर पूर्णपणे चांगला आहे. डब्यातले बाकीचेही एखाददुसरा वगळता चांगले निघाले. रेल प्रेशरचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) सेन्सर आमच्या बाकावर त्याच्या खऱ्या दाबापर्यंत नेता येत नाही, म्हणून त्याचे फक्त शून्य दाबाचे माप घेतले आणि तसेच नोंदवले.

मग बिले पुन्हा वाचली. एका मेकॅनिकने बिलावर कोड लिहून ठेवण्याची चांगली सवय पाळली आहे. पोकलेन क्रमांक 2 च्या बिलांवर 100-4, 157-4 आणि 102-4 असे आकडे आहेत. इथे पद्धतीचा खुलासा लिहून ठेवतो, कारण ही वही पुढे साईटवरच्या माणसांनाही वाचायची आहे. जे 1939 या, अवजड यंत्रांच्या कंट्रोलरसाठी ठरलेल्या, पद्धतीत कोडचे दोन भाग असतात. पहिला आकडा, म्हणजे एसपीएन, कोणत्या राशीबद्दल तक्रार आहे ते सांगतो : 100 म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, 102 म्हणजे टर्बोनंतरच्या हवेचा दाब, 110 म्हणजे कूलंटचे तापमान, 157 म्हणजे कॉमन रेलमधला डिझेलचा दाब. दुसरा आकडा, म्हणजे एफएमआय, तक्रारीचा प्रकार सांगतो. 3 म्हणजे संकेताचे व्होल्टेज असावे त्याच्या वर, 4 म्हणजे असावे त्याच्या खाली, 5 म्हणजे सर्किट तुटलेले किंवा करंट कमी, 6 म्हणजे करंट जास्त. या आकड्यांत कंट्रोलर वायरीबद्दल बोलत असतो. याउलट 0, 1 आणि 15 ते 18 या आकड्यांचा अर्थ असा की संकेत विश्वसनीय आहे, पण मोजलेली राशीच मर्यादेबाहेर गेली आहे. म्हणजे 100-1 दिसला तर इंजिन ताबडतोब बंद करून ऑइल पाहायचे, आणि 100-4 दिसला तर प्रत्यक्ष गेज लावून ऑइलचा दाब ठीक असल्याची खात्री करून मग मीटर हातात घ्यायचा. नाव एकाच सेन्सरचे आले तरी दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. सेन्सर बदलणाऱ्या हातांनी पहिला आकडा वाचला आणि दुसरा वाचला नाही, हे या बिलांवरून स्पष्ट दिसते.

तिन्ही कोडच्या शेवटी 4 आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तीन वेगवेगळ्या जागी बसलेले तीन सेन्सर एकाच वेळी आणि एकाच प्रकारे खराब होत नाहीत. या तिघांना 5 व्होल्टचा पुरवठा कंट्रोलरच्या एकाच पिनवरून जातो असे वायरिंगच्या नकाशात दिसते. तो पुरवठाच बसला तर तिघांचेही संकेत एकदम खाली येतील. सध्या यंत्र विनातक्रार चालू आहे, त्यामुळे आज एवढाच तर्क नोंदवतो.

18 मार्च 2025, मलकापूर

दोन्ही पोकलेनची मापे घेतली. क्रमांक 2 वर सेन्सर पुरवठा 5.02 व्होल्ट, इंजिनाच्या अर्थमधली घट स्टार्टर फिरताना 0.14 व्होल्ट, कॅनचा रोध 60.3 ओहम. वायरीचे आवरण टोचून माप घेण्यास माझा सक्त विरोध आहे, कारण त्या छिद्रातून शिरलेले पाणी पुढच्या पावसाळ्यात तांबे खाऊन टाकते. कप्लरच्या (वायरींच्या जोडणीच्या खटक्याच्या) मागच्या रबरी सीलमधून बारीक पिन सरकवूनच सर्व मापे घेतली.

साईटवर बकेटच्या अडॅप्टरचे वेल्डिंग बॅटरी जोडलेलीच ठेवून चालले होते. काम थांबवायला सांगितले. बॅटरीचा कटऑफ (मुख्य स्विच) बंद करणे, शक्य असेल तिथे कंट्रोलरचे कप्लर सोडवणे आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्ड करायच्या जागेच्या अगदी जवळ लावणे, या तीन गोष्टी सुपरवायझरना समोर करून दाखवल्या. क्लॅम्प ट्रॅकच्या चेनला आणि वेल्डिंग बकेटला, असे केल्यास वेल्डिंगचा करंट पिना, बेअरिंगे आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) अर्थ वायरी यांतून वाट काढतो, आणि त्याचे नुकसान त्याच दिवशी दिसेलच असे नाही.

27 मार्च 2025, साखर कारखान्याचे यार्ड

हंगाम संपत आल्यामुळे व्हील लोडर आज मोकळा मिळाला. या यंत्रावर 110-0 हा कोड वारंवार नोंदला गेला आहे आणि कूलंट तापमानाचा सेन्सर गेल्या हंगामात एकदा बदललेला आहे. शेवटी 0 आहे, म्हणजे कंट्रोलरच्या मते इंजिन खरोखरच तापते आहे. तरी सर्किटची खातरजमा केली. सेन्सरचा कप्लर काढताच स्क्रीनवर 110-3 आला, आणि कप्लरमधल्या दोन पिना जंपर वायरने जोडताच 110-4 आला. कप्लर काढल्यावर वरच्या आणि पिना जोडल्यावर खालच्या व्होल्टेजचा कोड येणे याचा अर्थ कंट्रोलरपासून कप्लरपर्यंतच्या दोन्ही वायरी शाबूत आहेत. इंजिन गरम करून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तो आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा यांत नगण्य फरक निघाला.

मग रेडिएटर पाहिला. बाहेरून तो स्वच्छ दिसतो, कारण ऑपरेटर रोज समोरून हवा मारतो. परंतु ऑइल कूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत बगॅसचा भुसा ऑइलच्या वाफेने चिकटून नमद्यासारखा बसला होता आणि सळईने उचकटताना त्याचे तळहाताएवढे थर निघाले. कूलर पुढे झुकवून मागच्या बाजूने, पंख्याकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने धुतले. या यंत्रावरचा कोड पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता. यार्डातल्या यंत्रांसाठी कूलर झुकवून मागून साफसफाई करणे हे रोजच्या देखभालीत घालावे, असे मालकांना लेखी कळवले.

16 एप्रिल 2025, वडणगे

जोतिबाच्या यात्रेसाठी ऑपरेटर रजेवर गेल्याने बॅकहो क्रमांक 1 काही दिवस उभा होता. आज तो सुरू होताना अडखळला आणि स्क्रीनवर एकामागून एक कोड आले, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध लागत नव्हता : संपर्क तुटल्याचा, बॅटरीच्या व्होल्टेजचा, वेगमापकाचा. असा सगळीकडचा कल्ला दिसला की प्रथम पुरवठा तपासावा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेले की कंट्रोलर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि त्या क्षणी ज्याला जो शेजारी दिसला नाही त्याच्याबद्दल तो कोड नोंदवतो.

हे यंत्र 12 व्होल्टचे आहे. एका बॅटरीवर 11.8 व्होल्ट होते, म्हणजे ती जवळजवळ रिकामी होती. कटऑफ बंद असतानाही करंट वाहत होता, म्हणून वायर धरून मागे गेलो, तेव्हा मागाहून बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरचा पुरवठा कटऑफच्या अलीकडून, थेट बॅटरीच्या टोकावरून घेतलेला आढळला. ट्रॅकरला अखंड पुरवठा लागतो हे मान्य आहे, पण मग यंत्र उभे ठेवताना बॅटरी चार्ज करण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

पोकलेनच्या बाबतीत यापेक्षा नाजूक प्रकार आहे आणि तो इथेच नोंदवतो. पोकलेनवर 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. मोबाइल चार्जर किंवा पंखा लावण्यासाठी ऑपरेटर दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतात. ती एक बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्र 28 व्होल्टच्या हिशेबाने चार्ज करतो, त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. क्रमांक 1 च्या केबिनमध्ये अशी जोडणी सापडली. ती काढून 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवला. ऑपरेटरला चार्जर हवाच असतो, त्यामुळे नुसती वायर तोडून आल्यास ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली जाते.

6 मे 2025, कागल

बॅकहो क्रमांक 3 वर 639-9 हा कोड. 639 म्हणजे कॅनचे जाळे आणि 9 म्हणजे संदेश ठरलेल्या वेळेत न पोहोचणे. हे यंत्र 2021 नंतरचे आहे. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना 1 एप्रिल 2021 पासून स्टेज 4 चे आणि 1 जानेवारी 2025 पासून स्टेज 5 चे उत्सर्जन नियम लागू झाले, तेव्हापासून या वर्गातल्या यंत्रांत कंट्रोलर आणि त्यांच्यातले संभाषण दोन्ही वाढत गेले. कॅनच्या दोन वायरींच्या दुखण्याने आता यंत्र बंद पडून राहते.

कटऑफ बंद करून नऊ पिनांच्या निदान सॉकेटमध्ये सी आणि डी पिनांमध्ये रोध मोजला. कॅनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे निरोगी जाळ्यावर 60 ओहम मिळतात. 120 मिळाले तर एक टोक सुटले आहे, शून्याजवळ मिळाले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. इथे 40.2 ओहम मिळाले. 120 चे तीन रोधक समांतर जोडले की बरोबर 40 येतात, म्हणजे कोणीतरी तिसरा रोधक घातला आहे. ही जोडणीही ट्रॅकरचीच निघाली : इंजिनाचे तास आणि डिझेलची पातळी थेट वाचता यावी म्हणून तो कॅनवर जोडला होता, आणि त्याच्या आतला रोधक चालू ठेवला होता. तो बंद करताच 60.1 ओहम झाले. चावी चालू करून पाहिले तर एका वायरवर अडीच व्होल्टच्या थोडे वर आणि दुसरीवर थोडे खाली, असे अपेक्षित आकडे मिळाले.

या यंत्राचे माप मार्चमध्ये घेता आले नव्हते, कारण ते सारखे कामावर होते. घेतले असते तर ट्रॅकर बसवण्याच्या आधीचा आकडा हाताशी राहिला असता. इथे गणिताने भागले, सगळीकडे भागत नाही.

29 मे 2025, मलकापूर

यंदा मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, आणि त्याच्या आधीपासूनच आपल्याकडे वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. पावसाळ्याआधी सर्व कप्लर उघडून तपासण्याचे वेळापत्रक त्यामुळे कोलमडले. जे राहिले ते ताडपत्रीखाली करत आहोत.

पोकलेन क्रमांक 1 वर आधी 97 आणि मग 157-18 आला. 97 म्हणजे डिझेलमध्ये पाणी. 157-18 म्हणजे रेलचा दाब खरोखरच कमी, सेन्सरचा दोष नाही. डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरची खालची तोटी उघडली तेव्हा आधी पाणी, मग मळकट पांढरे मिश्रण आणि मग डिझेल आले. साईटवरचे डिझेलचे बॅरल उभे ठेवलेले आहेत. बॅरलच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते, रात्री बॅरल गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढले जाते. बॅरल आडवे, दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे ठेवायला सांगितले, फिल्टर बदलले, टाकीचा तळ रिकामा केला. मीटर पेटीतून काढावाच लागला नाही.

9 जून 2025, मलकापूर

पोकलेन क्रमांक 2 चा फोन सकाळीच आला. ऑपरेटरचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेतले : "बकेट भरून चढाकडं ओढलं की मशीन दम टाकतंय. मोकळं फिरवलं तर काय नाही. पाऊस आला की ह्येचं सुरू होतंय बघा." कोड 100-4, 102-4, 157-4, आणि या वेळी सोबत 3509-4. हा शेवटचा आकडा म्हणजे सेन्सरच्या 5 व्होल्ट पुरवठ्याचीच तक्रार. तो जुन्या बिलांवर का नाही, हे सांगता येत नाही. स्क्रीनवर तो यादीच्या दुसऱ्या पानावर येतो एवढे मात्र खरे. कोड आधी कागदावर उतरवले, किती तासांवर आणि किती वेळा नोंदले गेले तेही लिहिले, आणि मगच पुसले.

इंजिन आळशी वेगावर असताना पुरवठा 5.01 व्होल्ट, म्हणजे मार्चच्या आकड्याशी जुळणारा. इथेच बहुतेक जण वायरिंग ठीक असल्याचा निर्वाळा देतात. मीटर किमान-कमाल नोंदवण्याच्या स्थितीत ठेवला, लांब वायरी केबिनमध्ये घेतल्या आणि ऑपरेटरला ओल्या मुरमात पूर्ण बकेट ओढायला सांगितले. तिसऱ्या बकेटला इंजिन दबले, स्क्रीन लाल झाली आणि मीटरने किमान 0.19 व्होल्ट पकडले. पुरवठा क्षणभर जमिनीला टेकतो आहे, म्हणजे 5 व्होल्टची वायर यंत्राच्या धातूला लागून शॉर्ट होते आहे. मार्चचा तर्क बरोबर ठरला, पण कुठे टेकतो ते शोधायचे होते.

पावसाचा संबंध जोडण्याआधी ऑपरेटरच्या वाक्याचा पहिला भाग पुन्हा वाचला. मोकळे फिरवताना काही होत नाही, ओढताना होते. भार आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (रबरी आधारांवर) एका बाजूला झुकते. म्हणून इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू केली, मीटर पुरवठ्याच्या पिनवर ठेवला, आणि आमच्या वायरमननी पहार लावून इंजिन भाराच्या दिशेला रेटले. आकडा पडला. सोडले, आकडा परत 5.01. आता जागेवर उभे राहून हवा तितक्या वेळा दोष आणता येत होता, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषाच्या शोधात यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

त्या पिनवरचे सेन्सर एकेक करून सोडवले आणि प्रत्येक वेळी पहार रेटून पाहिले. एखादा सेन्सर सोडवल्यावर आकडा पडायचा थांबला असता तर तो सेन्सर आतून शॉर्ट आहे असे ठरले असते. शेवटचा सोडवल्यावरही आकडा पडतच राहिला. म्हणजे सर्व सेन्सर निर्दोष आणि दोष वायरीत. हार्नेस जिथे स्थिर सांगाड्यावरून हलत्या इंजिनाकडे जातो त्या जागेवर टॉर्च धरला. टर्बोच्या खालच्या ब्रॅकेटपाशी हार्नेस धरून ठेवणारी क्लिप नव्हती. तिचा बोल्ट रिकामा होता. पन्हाळीदार नळीच्या खाचांत मुरमाचा गाळ भरला होता आणि ब्रॅकेटच्या धारेवर ती नळी घासून तिला बोटाच्या पेरभर लांबीची चीर पडली होती. आत 5 व्होल्टच्या वायरचे आवरण एका बाजूने गेलेले आणि तांबे घासून चकचकीत झालेले. शेजारच्या दोन वायरींवर नुसता ओरखडा होता.

पावसाबद्दल ऑपरेटरचे निरीक्षण खोटे नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. उन्हाळ्यात हे यंत्र सुकी माती भरत होते. पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन जड आणि चिकट होते, प्रत्येक ओढीला पूर्ण भार येतो आणि इंजिन माउंटिंगच्या शेवटापर्यंत झुकते. गेल्या वर्षी सेन्सर बदलल्यावर यंत्र काही दिवस का चालले त्याचाही उलगडा झाला : सेन्सर काढता-घालताना हार्नेस हाताने सरकतो, तांबे ब्रॅकेटपासून दूर जाते आणि कंपनाने पुन्हा जागेवर यायला थोडे दिवस लागतात. त्या मेकॅनिकने यंत्र चालू करून दाखवले तेव्हा ते खरोखरच चालत होते, त्यामुळे त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचे कारण मला दिसत नाही.

10 जून 2025, मलकापूर

दुरुस्ती. खराब झालेला तुकडा कापून त्याच जाडीची वायर घातली आणि सांधे सोल्डरने न जोडता क्रिम्प करून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. सतत थरथरणाऱ्या यंत्रावर सोल्डर केलेली वायर सांध्यापाशी कडक होते आणि कडक भाग संपतो तिथे तुटते, म्हणून क्रिम्पला पसंती. ओरखडा पडलेल्या वायरींनाही नळी घातली. नवी पन्हाळीदार नळी, आणि उद्यमनगरातून आणलेली रबरी अस्तराची क्लिप. मागच्या बाजूच्या माउंटिंगचे रबर फाटले होते, तेही बदलले. ते तसेच ठेवले असते तर इंजिन झुकतच राहिले असते आणि हार्नेसला दुसरी धार सापडली असती.

त्यानंतर पहार, मग तोच ऑपरेटर आणि तोच ओला मुरूम. किमान आकडा 5.00 व्होल्ट. दुसऱ्या पोकलेनवर त्याच ब्रॅकेटची क्लिप तपासली. ती आहे, पण रबर झिजले आहे. बदलली. सुपरवायझरनी यंत्र धुण्याबद्दल विचारले, तेव्हा उच्च दाबाचा फवारा कप्लर आणि कंट्रोलरवर थेट न मारण्याची सूचना दिली. रिकाम्या पिनांच्या भोकांतली प्लास्टिकची बुचे दोन कप्लरवर गायब होती, ती घातली.

23 जून 2025, मलकापूर

क्रमांक 2 भर पावसात पूर्ण भाराने चालू आहे. मेमरीत नवा कोड नाही. सेन्सर पुरवठा 5.02, अर्थची घट 0.15. मालकांनी डब्यातले चांगले ठरलेले सेन्सर सुटे भाग म्हणून ठेवायचे ठरवले आहे. प्रत्येकावर तपासणीची तारीख आणि शून्य दाबाचे माप लिहून चिठ्ठी बांधली. रेल प्रेशरचा सेन्सर मात्र त्यातून वगळला, कारण पूर्ण दाबाला न तपासलेला भाग इतक्या दाबाच्या रेलवर बसवायची शिफारस मी करणार नाही.

प्रत्येक यंत्राच्या केबिनमध्ये लावायचा मापांचा तक्ता प्लास्टिकमध्ये घालून दिला. त्यावर सर्वांत वर एवढेच लिहिले आहे की कोडचे दोन्ही आकडे उतरवून मगच फोन करावा, आणि यादीचे दुसरे पान पाहावे. रोलर कामात अडकल्यामुळे त्याची मापे अद्याप झालेली नाहीत. तो पुढच्या आठवड्यात यार्डात येतो आहे, तेव्हा अर्थच्या जोडापासून सुरुवात करायची आहे, कारण व्हायब्रेशनमुळे त्या वर्गातल्या यंत्रांत तोच जोड आधी सैल होतो.